मामंजी, खड्डा बुजवला

मामंजी, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. चार दिवसांपूर्वी गल्लीच्या टोकाचा तुमचा खड्डा बुजवला. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. तुमचे चिरंजीव तर नाहीच नाही. ते त्या दिवशी इंदूरला काम काढून सकाळीच निघून गेले. तेव्हा मीच सांगते. या घरात तुम्हाला वाईट बातमी सांगायचं काम सुनेकडेच असायचं, आणि ते मी कधी धड केलं नाही.

तुम्ही त्याला बाग म्हणायचात. आपल्या कॉलनीचे सेक्रेटरी चौधरीजी 'मामासाहब का गड्ढा' म्हणायचे. मी तुमच्या तोंडावर बाग म्हणायची आणि माघारी खड्डा. एका खोलीएवढी जागा, गुडघाभर खोल, त्यात वाळा, कर्दळ आणि नागरमोथा. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटावं की इथे कुणीतरी काहीतरी सुरू केलं आणि कंटाळून सोडून दिलं. ट्रकभर मुरूम आला, दोन माणसं होती, दुपारच्या जेवणाआधी काम आटोपलं. वाळ्याचे शेंडे थोडा वेळ वर दिसत होते, मग त्यावरून रोलर फिरला. मी खिडकीतून सगळं बघितलं. रडू आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा रडले होते, पण ते चारचौघींत, रीतीप्रमाणे. 

सासूबाई गेल्यावर तुम्ही धारचं घर बंद करून देवासला आमच्याकडे आलात, तेव्हा मला तुमची धास्तीच वाटली होती. तुमचे आजे-पणजे धारला दरबारच्या नोकरीत; माझे वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात लागलेले. मी देवासचीच, हिंदी शाळेतली. तुम्ही विचारायचात, "सूनबाई, न्याहारी झाली का?" आणि मी म्हणायची, "हो, नाश्ता लावून राहिली ना मी." तुम्ही क्षणभर डोळे मिटून घ्यायचात. त्या मिटलेल्या डोळ्यांचा मला राग यायचा. मीही मग मुद्दाम जास्तच हिंदी पेरायची.

पहिलं मोठं भांडण पाण्यावरून झालं. इथे भांडणं पाण्यावरूनच होतात म्हणा. रेल्वेच्या टाक्यांतून देवासला आलेलं पाणी मी लग्नाआधी प्यायलेलं, त्यामुळे मार्चमध्ये कॉलनीचं बोअर आटलं की माझं डोकं फिरायचं. आणि त्याच गल्लीत पावसाळ्यात छपरांचं, रस्त्याचं, कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या काळ्या तेलाचं पाणी एकत्र होऊन लोंढा यायचा. सगळ्यात खालच्या अंगाला कदम वहिनींचं घर. तो त्यांच्या ओट्यावर चढायचा आणि मग नाल्यात जायचा. कमिटीने ठरवलं की एक जाड नळी टाकू आणि हे पाणी सरळ आटलेल्या बोअरमध्ये सोडू. मला ते एकदम पटलं. पाणी वाहून जातंय, बोअर कोरडं आहे, आणखी काय पाहिजे?

तुम्ही मीटिंगमध्ये उभे राहिलात. जन्मभर सरकारी ओव्हरसियर, उभं राहिल्याशिवाय तुम्हाला बोलताच येत नसे. "रस्त्याचं पाणी न गाळता पाताळात घालावयाचं? अहो, घाण नाल्यात गेली तर वाहून तरी जाते. खाली गेली तर ती आपल्या नातवंडांच्या पेल्यात यायची." घरी आल्यावर मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही सगळं अडवून ठेवता. पानी तर आहे ना, जाऊ द्या ना खाली." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की. पण सावकाश जाऊ दे."

मग तुम्ही मला ती कुक्षीकडची गोष्ट सांगितलीत. तुमची बदली तिकडे होती तेव्हा एका नाल्यावर रस्त्याखालच्या मोरीचं काम चाललेलं. नाल्यात गुरं उतरलेली, पाणी गढूळ. एक बाई घडा घेऊन आली, पाण्याकडे तिने बघितलंही नाही, काठापासून चार पावलांवर वाळूत हाताने हातभर खोल झिरी उकरली आणि बसून राहिली. आधी आलेलं पाणी वाटीने उपसून फेकलं. पुन्हा बसली. मग नितळ पाणी आलं, त्याने घडा भरला. तुम्ही तिला विचारलंत, हे कसं? ती म्हणाली, थांबावं लागतं साहेब. "मी त्याच नाल्यावर पाणी लवकर कसं पळवावं याचा नकाशा घेऊन उभा होतो," तुम्ही म्हणालात. "कुक्षी काय, सरदारपूर काय, तीस वर्षं मी पाणी हाकललं." हे सांगताना तुम्ही हसत होतात, पण मला ते हसणं काही खरं वाटलं नाही.

कमिटीने एका पावसाळ्यापुरतं तुमचं ऐकलं. तुम्ही गल्लीच्या टोकाला, कदम वहिनींच्या ओट्याच्या अलीकडे, जागा आखून घेतलीत. तळाला बारीक दगडांची गिट्टी, गिट्टीत भोकं पाडलेली नळी, ती बोअरकडे नेलेली. वर वाळू-माती, त्यावर झाडं. पाणी येईल, वीतभर साचेल, सकाळपर्यंत मुरून जाईल. डासांना अंडी घालून पिल्लं काढायला आठवडा लागतो, तेवढी सवड त्यांना मिळायची नाही. गाळ वरच्या वर अडकेल, तो दर वर्षी खरवडून काढायचा. मुळं माती दगड होऊ देणार नाहीत. गॅरेजच्या तेलाचं काय, मी विचारलं, आणि माझं मीच उत्तर दिलं की मातीतले जंतू ते हळूहळू खातात. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुझ्या बाटलीतले जंतू वाईट आणि माझ्या मातीतले गुणी?" मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. माझ्या कामाबद्दल तुम्ही पहिल्यांदाच काही विचारलं होतंत, मला बरं वाटलं.

चूक तिथेच झाली, आणि ती तुमच्यासारख्याच माणसाच्या हातून व्हायची. बाग म्हटली की शेणखत. जवळच्या गावातून दोन ट्रॉल्या शेणखत आलं आणि सगळं त्या खड्ड्यात गेलं. शिवाय कॉलनीतल्या एका नव्या घराचा पाया खणताना निघालेली काळी माती, कारण माळव्याचा माणूस काळ्या मातीवाचून काही उगवेल असं मानत नाही. मी विचारलं होतं, "इतकं खत कशाला, मामंजी?" तुम्ही म्हणालात, "झाडं जगली पाहिजेत, सूनबाई. आणि शेणाने कधी कुणाचं वाईट झालंय?" अंगण सारवणाऱ्या घरातल्या माणसाला यावर काय बोलणार. मी गप्प बसले. माझं तिथे बोलणं हेच माझं काम होतं, हे मला मागाहून कळलं.

झाडं जगली. कर्दळ तर माणसाच्या उंचीची झाली. कदम वहिनींच्या ओट्यावर त्या साली पाणी चढलं नाही आणि बोअरच्या हातपंपाला पाणी आलं. धारहून तुमचे पाहुणे आले, तुम्ही त्यांना सगळं फिरून दाखवलंत. आणि चहा घेताना, मी कप पुढे करत असताना, म्हणालात, "आमच्या सूनबाईही पाण्याच्याच खात्यात आहेत. सरकारी बाटल्या धुतात." सगळे हसले. थट्टाच होती. तुमची थट्टा घरातल्या माणसांवरच चालायची, हेही मला माहीत होतं. पण मी हसू शकले नाही, आणि ते वाक्य मी आत ठेवून दिलं.

त्याच आठवड्यात मी हातपंपाचा नमुना प्रयोगशाळेत नेला. तेल नव्हतं, गाळ नव्हता. पण नायट्रेट मर्यादेच्या पुष्कळ वर होतं आणि शेणातले जंतू होते. तुमचं खत प्रत्येक पावसाबरोबर धुऊन खाली जात होतं. रस्त्याची घाण तुम्ही अडवलीत आणि गोठ्याची पाठवलीत. कदम वहिनींची मुलगी तेव्हा बाळंतपणाला आलेली, बाळ बाटलीच्या दुधावर, आणि दुधात ते हातपंपाचंच पाणी घालायच्या. एवढ्या नायट्रेटच्या पाण्याने तान्हं बाळ निळं पडू शकतं, तो खेळ नव्हे. तेव्हा सांगणं भाग होतं, ताबडतोब. यात मी आजही माझी चूक मानत नाही.

पण घरी तुम्हाला आधी सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. संध्याकाळी गणपतीच्या मांडवात आरतीनंतर सगळी कॉलनी बसलेली असताना मी उभी राहिले, सही-शिक्क्याचा कागद चौधरीजींच्या हातात दिला आणि म्हटलं, "ये पानी पीने लायक नहीं है." तुम्ही पहिल्या रांगेत होतात, कपाळाला गुलाल. तुम्ही एकच विचारलंत, "नायट्रेट किती?" मी आकडा सांगितला. तुम्ही म्हणालात, "शेणखत." आणि खाली बसलात. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. थोडा झालाही, खोटं कशाला बोलू? घरी येईपर्यंत तो उरला नव्हता.

तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही जेवलात, भाजी छान झाली म्हणालात, आणि सकाळी उठून लाल रंगाचा डबा आणून हातपंपावर नकाशावर लिहायच्या आपल्या त्या घोटीव अक्षरात पाटी रंगवलीत: पीने योग्य नहीं. कदम वहिनींकडे स्वतः जाऊन नळाच्या पाण्याची सोय लावून आलात. बाळाला काही झालं नाही, देवाची कृपा. त्या दिवसाबद्दल तुम्ही मला पुढे एका शब्दाने विचारलं नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात सगळं उपसलंत. सत्तरीचे तुम्ही, सोबत एक मजूर, डोक्याला पंचा. काळी माती भेगा पडून दगड झालेली, ती पहारीने फोडून काढलीत. नर्मदेची रेती आणवलीत, धुऊन घेतलीत. आणि मग एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसलात आणि म्हणालात, "आता सांग, खत किती?" मी म्हटलं, अजिबात नको. तुम्ही म्हणालात, नुसत्या रेतीत काही अडकायचं नाही, थोडा कुजलेला पाला हवाच. तासभर आपण वाद घातला, आणि शेवटी तुम्ही थोडा पाला घातलातच. तुमचं बरोबर होतं, ते मी नंतर वाचलं. नुसती रेती तेलाला आणि विरघळलेल्या घाणीला धरून ठेवत नाही. मी वाचलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, तेव्हा तो वाद तुमच्या लेखी अजून चालूच असेल.

पण त्याच दुपारी मी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून दाखवलं होतं की खालच्या नळीचं तोंड वीतभर वर उचला. म्हणजे तळाशी पाणी थोडं थबकून राहील, तिथे हवा नसेल, आणि हवेवाचून जगणारे जंतू नायट्रेट मोडून टाकतील. तुम्ही चष्मा वर करून चित्राकडे किती वेळ बघत राहिलात. "तीस वर्षं नळ्या उतारावर टाकल्या," तुम्ही म्हणालात, "चढावर टाकायला तूच सांगतेस." आणि टाकलीत. या घरात आल्यापासूनचा माझा सगळ्यात चांगला दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर मी लग्नाचा सांगेन, पण मनात तो वर्तमानपत्राचा कोपरा असेल.

पुढचे दोन्ही पावसाळे मी नमुने घेतले. गुपचूप, जेवणाच्या सुट्टीत, नोंद न करता. फक्त माझ्या डायरीत लिहिले. पहिल्या वर्षी नायट्रेट मर्यादेच्या आत आलं, जंतू नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. मी पोळ्या लाटता लाटता तुम्हाला म्हटलं, "बरं आलंय या वेळी." तुम्ही दारातच थांबलात. "कागद देशील? कमिटीत वाचून दाखवतो, पाटी काढतो." पाटी कागदावरून रंगवली होती, ती कागदावरूनच निघायची, तुमचा हिशेब सरळ होता. मी म्हटलं, "देते ना, घाई काय आहे?" दिवाळीनंतर तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हटलं, साहेब सुट्टीवर आहेत. साहेब सुट्टीवर नव्हते. कमिटीचा एक अर्ज आणि एक बाटली, एवढंच लागत होतं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत.

का नाही दिला? एकोणीस दिवस हेच चाललंय डोक्यात. मी वाट बघत होते, की कधीतरी, पाहुण्यांसमोर, चहाच्या वेळी, तुम्ही ते बाटल्यांचं वाक्य मागे घ्याल. एकदा म्हणाल की सूनबाईंच्या तपासणीमुळे झालं. मग मी दिमाखात कागद आणून देईन. इतकं क्षुद्र कारण होतं, मामंजी. आणि तुम्हाला तर ती थट्टा लक्षातही नसणार.

तुमचा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग. गाड्या वाढल्यात, तुमच्या खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं. चौधरीजी वाईट माणूस नाही. "भाभीजी, मामासाहब का मान रखा हमने. तेरहवीं तक किसी ने फावड़ा नहीं लगाया." आणि मग त्यांनी फाईल उघडून माझा कागद काढला. पिवळा पडलेला, खाली माझी सही. "जब पानी पीने का हैइ नहीं, तो गड्ढा किस काम का? ये आप ही का कागज है ना?"

मी डायरी पुढे केली. ते म्हणाले, यावर शिक्का कुठाय? मी म्हटलं, "एक बारिश रुक जाओ. अभी तो सूखा पड़ा है, पानी आएगा तो मैं फिर जाँच कर दूँगी, सील के साथ." मागून कुणीतरी विचारलं, "दो साल से पानी अच्छा था तो कागज दिया क्यों नहीं, भाभीजी?"

सगळी कॉलनी बघत होती. मी म्हटलं, "मैं अकड़ में थी. मामंजी ने दो बार माँगा, मैंने नहीं दिया." मग एक जण हळूच म्हणाला, "अब छोड़ो भिया." चौधरीजी चपलेकडे बघत म्हणाले, "मुरम तो बोल दी है भाभीजी, कल सुबे आ री है." तुमच्या मानासाठी ते तेरा दिवस थांबले होते. एका पावसासाठी थांबा म्हणायचा मान माझ्यापाशी शिल्लक नव्हता.

परत येताना कदम वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, मामा तर सगळ्यांना सांगायचे, नली का मुँह सूनबाईने वर करवलं म्हणून पाणी सुधरलं. आमच्या ह्यांना तर चार वेळा सांगितलं असेल. तुम्हाला नाही बोलले कधी?" मी नाही म्हटलं. त्या पुढे काहीतरी बोलत होत्या, मी ऐकलं नाही.

काल कामावर गेले. कपाटातून कोरा फॉर्म काढला, टेबलावर ठेवला. नमुन्याचं ठिकाण, नमुना घेतल्याची तारीख, कुणी आणला. शिक्का माझ्या खणातच असतो. कुणी बघत नव्हतं, दोन वर्षांचे आकडे तोंडपाठ होते, लिहून टाकायला काही अडचण नव्हती. पण बाटलीत पाणी नसताना कागद केला तर तो तुम्हीच माझ्या हातातून काढून घेतला असतात. आणि आता त्या जागेचं पाणी कधी येणार नाही. फॉर्म परत कपाटात ठेवला. तुम्ही दोनदा मागितलेला कागद आता मला देता येत नाही, म्हणून हे नुसतं लिहितेय, शिक्क्याशिवाय.

पाणी चांगलं होतं, मामंजी. दोन्ही वर्षं चांगलं होतं. मला माहीत होतं.